‘सोपं’ कोरलही टिकत नाही? नवख्या रीफ टँकमधली नेहमीची गडबड

तक्रार बहुतेकांची एकाच साच्यातली असते. घरी रीफ टँक, म्हणजे समुद्राच्या पाण्याचा कोरल-माशांचा टँक, मांडून तीन-चार महिने झालेत, क्लाउनफिशची जोडी मजेत आहे, अमोनिया आणि नायट्राइट शून्य. दुकानदाराने ‘साहेब, हे कुणाच्याही घरी जगतं’ म्हणत झोआचा (फुलासारख्या छोट्या पॉलिपच्या झुपक्याने वाढणाऱ्या कोरलचा) फ्रॅग, म्हणजे कापून काढलेला तुकडा, हातात दिला. आठवडाभर छान फुलला, मग मिटून बसला, मग एकेक पॉलिप विरघळत गेला. दुसरा आणला, त्याचंही तेच. मग मशरूम कोरल आणलं, तेही आक्रसून सुपारीएवढं झालं. आता टँकशेजारी बाटल्यांची रांग लागते: आयोडीन, ट्रेस एलिमेंट, कोरल फूड, कुणी सांगितलं म्हणून व्हिटॅमिन. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असा हा प्रकार.

झोआ, मशरूम, लेदर, ग्रीन स्टार पॉलिप, केनिया ट्री ही कोरलं खरोखरच चिवट आहेत. हाजी अली, वरळी, वांद्रे इथल्या खडकांवर ओहोटीला गेलात तर झोआंचे गालिचे उघड्यावर पडलेले दिसतील. अंगावर ऊन, पावसाळ्यात वरून गोडं पाणी, शहराचा मैला आहेच, तरी जगतात. असा जीव काचेच्या टँकमध्ये लागोपाठ मरत असेल, तर त्याला काहीतरी ठरावीक गोष्ट छळते आहे. ती गोष्ट टँकमध्येच बसलेली असते आणि नेहमीच्या टेस्ट किटच्या रंगात ती दिसत नाही. ती सापडेपर्यंत नवीन कोरल आणू नका. बाटल्याही बंद करा, कारण दर दोन दिवसांनी काहीतरी ओतत राहिलं की कशाने काय झालं हे कळायचा मार्गच बंद होतो.

आधी बघा, कोरल खरंच आजारी आहे का

निम्म्या वेळा प्रकरण इथेच मिटतं. टोडस्टूल लेदर घेतलं असेल तर ते दर काही आठवड्यांनी पॉलिप आत ओढून घेतं, वरची टोपी गुळगुळीत आणि मेणचट दिसायला लागते, रंग मळका होतो. असं चार दिवस ते दोन आठवडेही चालतं. मग वरचा पातळ पापुद्रा सुटतो आणि खालून कोरल आधीपेक्षा टवटवीत निघतं. अंगावर जमलेलं शेवाळ आणि घाण झटकायची ही त्याची पद्धत आहे. या काळात त्याला उचलून जागा बदलणं, डिप देणं (कीड मारायच्या द्रावणात बुडवणं), ब्रशने घासणं यातलं काहीही करू नका. वेव्हमेकरचा (टँकमध्ये प्रवाह करणाऱ्या पंपाचा) झोत थोडा त्याच्या बाजूला वळवा, म्हणजे पापुद्रा अडकून राहणार नाही. एवढंच.

काळजी कधी करायची? बुंधा मऊ पडून एका बाजूला कलला, त्यावर काळा किंवा पांढरा चट्टा दिसला, किंवा जवळ पिपेट नेल्यावर मांसाचे तुकडे तरंगत सुटले तर. तो सडका भाग धारदार ब्लेडने चांगल्या भागापर्यंत कापून टाकायचा. लेदर कापणी उत्तम सहन करतं.

झोआंचं वेगळं. नवीन फ्रॅग दोन-तीन दिवस मिटलेला राहणं नेहमीचंच. पण आठवड्यानंतरही मिटलेला असेल आणि शेजारचे जुने झोआ उघडे असतील, तर भानगड त्या फ्रॅगवर आहे. सगळेच एकदम मिटले असतील तर भानगड पाण्यात आहे. हा एवढा फरक लक्षात घेतला तरी अर्धा शोध वाचतो.

पाणी: किटवर न दिसणारं

सगळेच मिटलेत? मग पहिला संशय खारटपणावर घ्या. समुद्राच्या पाण्याचा खारटपणा साधारण ३५ पीपीटी (किलोमागे ३५ ग्रॅम मीठ), म्हणजे २५ अंशाला विशिष्ट गुरुत्व १.०२६च्या आसपास. पाणी उडतं, मीठ उडत नाही. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी आकडा मांडून बघितल्याशिवाय त्याचा अर्थ पोचत नाही. तुमच्या टँकमध्ये १०० लिटर पाणी आहे, झाकण नाही, उन्हाळ्यात वर पंखा लावलाय आणि रोज ३ लिटर उडतंय असं धरा. तीन दिवस टॉप-अप (उडालेल्या पाण्याची भर) राहून गेला तर ९१ लिटर पाण्यात तेवढंच मीठ, म्हणजे साडेअडतीस पीपीटी. मग रविवारी एकदम ९ लिटर ओतलं की तासाभरात पुन्हा ३५. मासा हे निभावून नेतो. कोरल दर आठवड्याला हा झोका खात राहिलं की मिटतंच.

याहून वाईट चूक म्हणजे उडालेल्या पाण्याच्या जागी मिठाचं पाणी घालणं. वरच्याच टँकमध्ये रोज ३ लिटर खारं पाणी घातलंत तर दिवसाला शंभरेक ग्रॅम मीठ वाढतं आणि आठवड्यात खारटपणा ४२च्या घरात जातो. टॉप-अप नेहमी मिठाविना, शुद्ध पाण्याचाच. मीठ फक्त वॉटर चेंजला, म्हणजे थोडं जुनं पाणी काढून नवं घालताना. काचेवर चिकटपट्टीने एक रेघ मारून ठेवा आणि सकाळ-संध्याकाळ त्या रेघेपर्यंत भरा. फ्लोट लावलेलं ऑटो टॉप-अप मिळालं तर कोरलवर खर्च करायच्या आधी तेच घ्या.

मोजायचं साधनही तपासा. प्लॅस्टिकच्या काट्याच्या हायड्रोमीटरमध्ये काट्याला एक बुडबुडा चिकटला की तो वर उचलला जातो आणि आकडा खोटा येतो. रिफ्रॅक्टोमीटर चांगलं, पण ते निव्वळ आरओच्या पाण्याने शून्यावर लावून भागत नाही. ३५ पीपीटीचं कॅलिब्रेशन द्रावण मिळतं, त्याने लावा. कित्येक स्वस्त रिफ्रॅक्टोमीटर शून्याला बरोबर आणि ३५ला चुकीचं दाखवतात.

आता दुसरा संशयित, आणि हा खास आपल्याकडचा आहे: स्वयंपाकघरातलं वॉटर प्युरिफायर. ‘आमच्याकडे आरओ आहे’ म्हणून लोक निर्धास्त असतात. पण पिण्याच्या आरओमध्ये बहुधा टीडीएस (पाण्यात विरघळलेले एकूण क्षार) कंट्रोलर असतो, जो चव यावी म्हणून थोडं कच्चं पाणी परत मिसळतो. पुढे मिनरलची कार्ट्रिज असते. आणि अलीकडे बऱ्याच मॉडेल्समध्ये ‘तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याचे फायदे’ म्हणून पाण्यात तांबं सोडायची सोय असते. माणसाला ते चालतं. झिंगे, गोगलगायी, कोरल अशा अपृष्ठवंशी जिवांना तांबं हे अगदी थोड्या प्रमाणातही विष आहे. माशांच्या व्हाइट स्पॉट रोगावर कॉपर सल्फेट देताना मासे वेगळ्या टँकमध्ये का हलवतात, त्याचं कारण हेच.

ठाण्यात एका ओळखीच्या घरी हे अगदी जवळून बघायला मिळालं. टँक देखणा, माशांना धाड भरलेली नाही, पण टर्बो गोगलगायी आणल्या की दोन दिवसांत काचेवरून सुटून वाळूत उताण्या पडायच्या. झोआ आठवडाभराने मिटायचे. सगळ्या टेस्ट किटवर आकडे ठीक. बोलता बोलता घरच्या आजी कौतुकाने म्हणाल्या, ‘आमचं मशीन तांब्याचं पाणी देतं बरं का.’ टॉप-अपचं पाणी त्याच नळाचं होतं. रोज पाणी उडायचं, तांबं मागे राहायचं, दुसऱ्या दिवशी त्यात नवीन तांब्याची भर. पाण्याची सोय बदलली, तांबं शोषणारं रेझिन आणि कार्बन फिल्टरमध्ये टाकला, लागोपाठ मोठे वॉटर चेंज केले. मग गोगलगायी काचेवर टिकायला लागल्या. खडक आणि सिलिकॉन तांबं धरून ठेवतात आणि सावकाश सोडतात, त्यामुळे कोरल त्यानंतर बऱ्याच उशिरा परत आणलं. साध्या हॉबी किटवर इतकं कमी तांबं दिसत नाही, म्हणून गोगलगायींचं वागणं हेच इथे उत्तम किट. टर्बो किंवा अ‍ॅस्ट्रिया गोगलगाय दोन आठवडे नीट चरतेय, झिंगा कात टाकून जिवंत राहतोय, तर पाणी बहुधा कोरललाही चालेल. गोगलगाय टिकत नसेल तर झोआ आणूच नका.

उपाय महाग नाही. टीडीएस मीटर काही शे रुपयांत मिळतो. आरओच्या मेम्ब्रेनमधून निघालेलं पाणी मिनरल-कॉपरच्या कार्ट्रिजपर्यंत पोचायच्या आधीच वेगळ्या नळीने काढून घ्या आणि त्यापुढे उरलेसुरले क्षार शोषणारं डीआय रेझिन जोडा. मीटरवर शून्य यायला हवं. मुंबईत धरणा-तलावांचं पाणी मुळात कमी टीडीएसचं, म्हणून काही जण थेट नळाचं पाणी डीक्लोरीनेटर टाकून वापरतात. पण टीडीएसचा आकडा कमी आला याचा अर्थ त्यात तांबं, सिलिकेट किंवा फॉस्फेट नाही असा होत नाही. मीटर एकूण मोजतो, काय आहे ते सांगत नाही.

तापमानाचं थोडक्यात. २४ ते २७ अंश उत्तम. ३० ओलांडून दिवसेंदिवस राहिलं की कोरल आपल्या पेशींतलं शेवाळ बाहेर टाकतं आणि पांढरं पडतं. पंखा लावून पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं, पण तो बाष्पीभवनाचा खेळ आहे. पुण्या-नागपूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पंखा मस्त चालतो. मुंबई-कोकणच्या दमट हवेत, विशेषतः पावसाच्या तोंडावर, फारसं काही घडत नाही. तिथे खोलीचा एसी किंवा चिलर हाच मार्ग. आणि हो, डास मारायचा फवारा, पेस्ट कंट्रोल यांतली पायरेथ्रॉइड गटातली कीटकनाशकं झिंग्यांच्या मुळावर येतात. एअर पंप खोलीचीच हवा पाण्यात ढकलतो, तेव्हा फवारणीच्या दिवशी तो पंप बंद करून ठेवा आणि टँक झाका.

शेजार तपासा

पाणी ठीक, एकच कोरल आजारी, आणि तेही एकाच बाजूने? मग शेजाऱ्याकडे बघा. ‘शांत’ कोरल म्हणून जे विकलं जातं ते डंख मारत नाही एवढंच खरं असतं. जागेसाठी भांडायच्या त्याच्या दुसऱ्या तऱ्हा असतात.

लेदर दिसायला गरीब गाय, पण ते पाण्यात टर्पिनॉइड गटातली रसायनं सोडतं आणि आसपासच्या कोरलची वाढ खुंटवतं. छोट्या टँकमध्ये मोठं टोडस्टूल आणि बाकी सगळं मरगळलेलं, हे चित्र दिसलं की आधी चांगल्या प्रतीचा अ‍ॅक्टिव्हेटेड कार्बन जाळीच्या पिशवीत घालून प्रवाहात ठेवा आणि तीन-चार आठवड्यांनी बदलत राहा. आठ-दहा दिवसांत बाकीची कोरलं खुलली तर गुन्हेगार सापडला. लेदर कापताना किंवा चिरडल्यावर ही रसायनं जास्त सुटतात, म्हणून कापणी टँकबाहेर करा.

ग्रीन स्टार पॉलिपची जांभळी चटई खडकावरून सरकत जाते आणि वाटेत आलेल्या झोआच्या बुंध्यांवरून पांघरूण ओढते. ते मेले की लोकांना वाटतं झोआ नाजूक होते. झेनिया हे कोरलही तसंच पसरतं, वर कधी एका रात्रीत सगळं कोसळतं. केनिया ट्री फांद्या गाळतं आणि त्या जिथे अडकतील तिथे नवं झाड. या तिघांना मुख्य खडकावर जागा देऊ नका. वाळूत सुटा दगड ठेवा, चारी बाजूंना दहा-बारा सेंटिमीटर वाळू मोकळी, किंवा ग्रीन स्टार सरळ मागच्या काचेवर चिकटवा.

मशरूममध्ये डिस्कोसोमा खरंच शांत. र्‍होडॅक्टिस, म्हणजे केसाळ मशरूम, अंगाला लागलेल्या झोआला भाजतं. आणि ‘एलिफंट इअर’ म्हणून ताटाएवढं मशरूम विकतात, ते कडा मिटून पिशवी करतं आणि आत लहान मासा असेल तर पचवतं. नवख्याच्या टँकमध्ये त्याला जागा नाही, दुकानदार काहीही म्हणो.

मासेही बघा. अ‍ॅनिमोन नसेल तर क्लाउनफिश लेदरमध्ये घर करतात आणि दिवसभर अंग घासत राहतात. ते लेदर मग उघडत नाही. हर्मिट खेकडे झोआंवरून चढउतार करतात. पिग्मी एंजल कधी एकदम मशरूमची चव घ्यायला लागतो. यासाठी किट नसतं. समोर खुर्ची टाकून तासभर बसावं लागतं.

रात्री टॉर्च घेऊन

टँकचे दिवे बंद झाल्यावर तासाभराने लाल प्रकाशाची टॉर्च घ्या. लाल उजेडाला बहुतेक जीव बुजत नाहीत. फ्रॅगच्या कडेला, दगडाच्या फटीत, पारदर्शक तपकिरी देठाचं, लांब बारीक सोंडांचं काहीतरी डोलताना दिसलं तर ते एप्टेशिया, टँकमध्ये तणासारखं माजणारं अ‍ॅनिमोन. त्याच्या सोंडा झोआला लागल्या की त्या बाजूचे पॉलिप मिटलेलेच राहतात. चिमट्याने उपटू नका. राहिलेल्या प्रत्येक तुकड्यातून नवं उगवतं. दाट कालवलेलं कॅल्शियम हायड्रॉक्साइड सिरिंजने थेट तोंडात भरा आणि तेवढ्यापुरता पंप बंद ठेवा. जास्त असतील तर पेपरमिंट झिंगे आणा, मात्र एखादा झिंगा झोआही कुरतडतो.

झोआंचा फ्रॅग बाहेर काढून उलटा-सुलटा करून बघा. झोआ खाणारे नुडिब्रँक (कवच नसलेल्या समुद्री गोगलगायी) ज्या रंगाचे झोआ खातात त्याच रंगाचे होतात, त्यामुळे समोरून दिसतच नाहीत. पॉलिपसारखाच वाटणारा, पण किंचित सरकणारा झुपका दिसला तर तोच. त्यांची अंडी बुंध्याशी पांढऱ्या चकलीसारखी गोल चिकटलेली असतात. डिपने मोठे किडे गळतात, अंडी मरत नाहीत. म्हणून अंडी टूथब्रश किंवा टाचणीने खरवडा आणि दर पाच-सात दिवसांनी डिप द्या, तीन-चार फेऱ्या तरी. दुसरा फ्रॅगही पहिल्यासारखाच गेला, यामागे अनेकदा हेच असतं: पहिल्याबरोबर आलेली पिल्लं खडकात भुकेली बसलेली. सनडायल गोगलगायही तशीच, काळ्या-पांढऱ्या चकतीची आणि दिसायला सुंदर, दिसताक्षणी काढा.

इथे सावधगिरीची एक गोष्ट, जी दुकानात सांगत नाहीत. झोआंच्या काही जातींत, विशेषतः पॅलिथोआमध्ये, पॅलिटॉक्सिन असतं. १९७१ साली हवाईच्या पॅलिथोआतून ते वेगळं करण्यात आलं आणि नैसर्गिक विषांमध्ये ते अत्यंत जहाल गणलं जातं. हाताळताना नायट्रिल हातमोजे आणि चष्मा हवाच, हाताला कापलेलं असेल तर टँकमध्ये हात घालू नका. झोआ असलेला दगड कधीही उकळू नका आणि गरम पाण्याने किंवा प्रेशरने धुऊ नका; वाफेतून ते फुप्फुसात जातं आणि अख्खं घर दवाखान्यात पोचल्याच्या घटना परदेशात घडल्या आहेत.

उजेड, प्रवाह आणि जरा जास्तच स्वच्छ पाणी

झोआ माना लांब करून वर ताणले गेले तर उजेड कमी. चपटे होऊन रंग फिका पडला तर जास्त. मशरूमला तळाशी, सावलीत ठेवा. त्याला जोरदार प्रवाह लागला तर ते दगड सोडून टँकभर भटकतं. नवीन फ्रॅग दोन आठवडे वाळूवर, मग हळूहळू वर. दुकानात अनेकदा मंद निळा उजेड असतो आणि आपण घरी नवा एलईडी शंभर टक्क्यांवर लावतो.

नायट्रेट आणि फॉस्फेट शून्य आल्यावर अभिमानाने फोटो टाकू नका. सॉफ्ट कोरलला, म्हणजे कठीण सांगाडा नसलेल्या झोआ-मशरूम-लेदरसारख्या कोरलला, थोडी घाण लागते. नायट्रेट ५ ते १५ पीपीएम, फॉस्फेट ०.०३ ते ०.१ असं असलेलं बरं. दोन्ही शून्यावर राहिले की कोरल फिकं पडतं आणि बुडबुडे अडकलेला, शेंबडासारखा तपकिरी थर पसरतो: डायनोफ्लॅजेलेट्स. फॉस्फेट रिमूव्हर काढा, माशांना थोडं जास्त खायला घाला. अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल सोसायची क्षमता) ८ ते ९ डीकेएच, कॅल्शियम ४००-४५०. निव्वळ सॉफ्ट कोरल असतील तर नियमित वॉटर चेंजने हे आपोआप सांभाळलं जातं, डोसिंगच्या नादी लागायची गरज नाही.

मग पुढे आणायचं काय

गोगलगायी दोन आठवडे टिकल्या, खारटपणा दोन आठवडे हलला नाही, रात्रीच्या फेरीत काही सापडलं नाही; आता एक डिस्कोसोमा मशरूम आणा. एकच. ते महिनाभर पसरलेलं राहिलं की झोआचा एक फ्रॅग, तोही डिप देऊन, फ्रॅग चिकटवलेला प्लग (छोटी चकती) काढून टाकून, कारण प्लगच्या खाचेतच अंडी येतात. टोडस्टूल त्यानंतर, टँकच्या एका टोकाला, प्रवाहाच्या शेवटाकडे. ग्रीन स्टार मागच्या काचेवर. नवख्याला एवढं वर्षभर पुरतं.

हॅमर, टॉर्च, गॅलॅक्सिया, अ‍ॅक्रोपोरा कुणी ‘स्वस्तात देतो’ म्हणालं तर? ही सगळी कठीण सांगाड्याची कोरलं. अ‍ॅक्रोपोरा सोडून बाकीच्यांच्या लांब डंखी सोंडा रात्री बाहेर येतात आणि झोआंचा शेजार संपवतात, हे एक. दुसरं कारण कायद्याचं. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२च्या पहिल्या अनुसूचीत २००१ पासून सगळी स्क्लेरॅक्टिनियन, म्हणजे अशीच कठीण सांगाड्याची, कोरलं आहेत, आणि त्यांच्यासोबत काळी पोवळी, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅनही. म्हणजे वाघाच्या पंगतीला. मुंबईच्या कोस्टल रोडच्या वाटेत आलेल्या कोरलच्या वसाहती हलवायलाही महापालिकेला वन खात्याची खास परवानगी काढावी लागली होती. झोआ, मशरूम, लेदर त्या यादीत नाहीत, पण म्हणून हाजी अलीच्या खडकावरून झोआ खरवडून आणायचे नाहीत. मालवणचं तर सागरी अभयारण्यच आहे. टँकमध्ये वाढवलेले, कुणाच्या तरी मोठ्या गुच्छातून कापलेले फ्रॅग घ्या. ते आधीच काचेला, एलईडीला आणि बाजारच्या मिठाला सरावलेले असतात. विकणाऱ्याकडे मूळ गुच्छ बघायला मागा आणि तो दिवसाउजेडी उघडलेला दिसला तरच पैसे द्या.